पावसाळी वस्त्राचे मोल आणि आयुष्य

डोंगरात हिंडणाऱ्या माणसाने अंगावर काय घालावे, हा प्रश्न दोन पिढ्यांपूर्वी कोणाच्याही जमाखर्चाच्या वहीत फारशी जागा अडवीत नसे. घरी विणलेला स्वेटर, कॅनव्हासचे बूट आणि शाळेच्या दिवसांपासून वापरात असलेला रबरी रेनकोट एवढ्या सामग्रीवर सह्याद्रीतील बहुतेक किल्ले पाहून होत; हिमालयात जाणारा कोणी असलाच, तर तो गिर्यारोहण संस्थेच्या कोठारातून उसनी वस्त्रे घेई आणि उतरल्यावर ती परत करी. आज या वस्त्रांची स्वतंत्र बाजारपेठ उभी राहिली आहे. ज्याला तीन थरांचे जलरोधक जॅकेट म्हणतात ते परदेशात शेकडो डॉलरांना विकले जाते, आणि समुद्र व जकात ओलांडून मुंबई-पुण्याच्या दुकानात येते तेव्हा त्याच्या चिठ्ठीवर पाच आकडी रक्कम सहज असते. एवढे द्रव्य खर्चून घेतलेले वस्त्र काही पावसाळ्यांनंतर ‘गळू लागले’ म्हणून अडगळीत पडते. परंतु त्यातील जो भाग त्या वेळी निकामी झालेला असतो तो बहुधा त्यातला सर्वांत स्वस्त भाग असतो, आणि ज्या भागासाठी आपण मुख्यतः पैसे मोजले तो अजून शाबूत असतो. या एका गोष्टीकडे लक्ष वेधावे, एवढ्यासाठीच हे प्रकरण लिहीत आहे. आणि ती पटावी म्हणून प्रथम या वस्त्राच्या रचनेकडे वळले पाहिजे.

पाणी आत येऊ नये याचा उपाय माणसाला पुष्कळ पूर्वी सापडला होता. पाणी आत येऊ नये आणि घामाची वाफ मात्र बाहेर जावी, ही दुहेरी मागणी पुरी व्हायला विसाव्या शतकाचा उत्तरार्ध उजाडावा लागला. ग्लासगोच्या चार्ल्स मॅकिंटॉश या रसायनज्ञाने १८२३ मध्ये ज्या कापडाचे पेटंट घेतले, त्यात कोळशाच्या डांबरापासून निघणाऱ्या नॅप्थामध्ये विरघळवलेले रबर दोन कापडांच्या मधोमध पसरलेले असे. ते पाणी अडवी आणि वाफही तितक्याच निष्ठेने अडवी, शिवाय थंडीत ताठर व उन्हात चिकट होई. पुढे बर्बेरीने सूत विणण्यापूर्वीच जलरोधक करून त्याची घट्ट वीण घातली आणि त्या कापडाला गॅबर्डीन हे नाव दिले. १९२४ साली एव्हरेस्टवर गेलेल्या जॉर्ज मॅलरीच्या अंगावर याच कापडाची वस्त्रे होती. आपल्या देशात स्वदेशीच्या चळवळीतून आलेल्या सुरेंद्रमोहन बोस यांनी १९२० मध्ये कलकत्त्यास बंगाल वॉटरप्रूफचा कारखाना काढला, आणि त्यांचा ‘डकबॅक’ रेनकोट भारतातील कित्येक पिढ्यांनी पावसात वापरला. रबराचा तो कोट आतून ओला होत असे, हे खरे. पण तो फाटला तर सायकलच्या पंक्चरीप्रमाणे ठिगळ चिकटवून पुन्हा वापरात येई.

१९६९ मध्ये अमेरिकेतील डेलावेअर राज्यात बॉब गोर हा संशोधक एका प्लॅस्टिकच्या कांड्या तापवून ताणण्याचा प्रयत्न करीत होता. हे प्लॅस्टिक म्हणजे आपल्या तव्यांवर असते ते टेफ्लॉन. सावकाश ताणले की कांडी तुटे. शेवटी त्याने एक कांडी एकाएकी जोराने खेचली, आणि ती तुटण्याऐवजी मूळ लांबीच्या कित्येक पट लांबली. तिच्या अंतर्भागात असंख्य सूक्ष्म रंध्रे निर्माण झाली होती आणि तिच्या आकारमानाचा सुमारे ७० टक्के भाग हवेने व्यापला होता. या पदार्थाच्या पातळ पटलात दर चौरस इंचास ९०० कोटी रंध्रे असतात आणि प्रत्येक रंध्र पाण्याच्या थेंबाहून वीस हजार पट लहान, पण बाष्पाच्या रेणूहून सातशे पट मोठे असते, असा हिशेब गोरच्या कंपनीने पुढे जाहीर केला. १९७६ पासून हे पटल गोर-टेक्स या नावाने तंबूंत व कपड्यांत येऊ लागले. आज बाजारात त्याचे अनेक प्रतिस्पर्धी आहेत, परंतु रचनेचा सांगाडा तोच आहे: बाहेर नायलॉनचे वा पॉलिएस्टरचे मजबूत कापड, मध्ये हे नाजूक पटल, आत पटलाला घर्षणापासून वाचवणारे विरळ विणीचे अस्तर. याखेरीज तीन गोष्टी लागतात, आणि या प्रकरणात त्याच विशेष महत्त्वाच्या आहेत. बाहेरच्या कापडावर पाणी झटकून टाकणारा लेप असतो, प्रत्येक शिवणीवर आतून उष्णतेने चिकटवलेली पट्टी असते, आणि छातीवर चेन असते.

किमती चढण्याचे एक मोठे कारण या लेपाच्या रसायनात आहे. थेंब घरंगळून जावेत म्हणून फ्लोरिनयुक्त संयुगांचा लेप देण्याचा शिरस्ता कित्येक दशके चालला. ही संयुगे निसर्गात विघटन पावत नाहीत. नद्यांत, मातीत आणि माणसांच्या रक्तातही ती आढळली. त्यांपैकी पीएफओए हे संयुग २०१९ मध्ये स्टॉकहोम या आंतरराष्ट्रीय कराराच्या घातक रसायनांच्या यादीत गेले, आणि कॅलिफोर्निया राज्याने १ जानेवारी २०२५ पासून बहुतेक कपड्यांत अशी रसायने हेतुपुरस्सर वापरण्यास मनाई केली. केवळ अतिवृष्टीत वापरायच्या खास वस्त्रांना २०२८ पर्यंत मुदत दिली. गोर कंपनीने आपले नवे पॉलिएथिलीनचे पटल २०२२ पासून बाजारात आणले. ही मनाई न्याय्य होती, याविषयी माझ्या मनात शंका नाही. परंतु नवे पटल, नवा लेप आणि नव्या चाचण्या यांचा खर्च अखेर ग्राहकाच्याच खात्यावर पडतो. त्यात मजुरीची भर पडते: असे जॅकेट लहानमोठ्या अनेक तुकड्यांचे असते आणि त्याच्या प्रत्येक शिवणीवरून तापत्या यंत्राने पट्टी फिरवावी लागते. आयात मालाच्या बाबतीत रुपयाच्या घसरणीचाही भार आहेच. करआकारणीचेही असेच आहे. आपल्याकडे २२ सप्टेंबर २०२५ पासून २,५०० रुपयांपर्यंतच्या वस्त्रावर ५ टक्के आणि त्याहून महाग वस्त्रावर १८ टक्के वस्तू व सेवा कर आहे; पूर्वी महाग वस्त्रावर तो १२ टक्के होता. साधा रेनकोट या फेरबदलात स्वस्त झाला असेल, पण हिमालयातील हिवाळ्यात प्राणरक्षणासाठी लागणारे पिसांचे जॅकेट चैनीच्या पोशाखाबरोबर वरच्या टप्प्यात बसले आहे, ही गोष्ट मला अनुचित वाटते.

आता हे वस्त्र निकामी कसे होते ते पाहू. डोंगरात दोन-तीन तास पावसात चालल्यावर आतला सदरा ओला लागतो आणि मनुष्य निष्कर्ष काढतो की जॅकेट फुटले. प्रत्यक्षात पुष्कळदा एवढेच झालेले असते की बाहेरच्या लेपाचा प्रभाव ओसरल्यामुळे वरचे कापड पाणी पिऊन जड व थंड झाले, रंध्रांवर पाण्याची चादर पसरली, आतली वाफ कोंडली आणि थंड पटलाला टेकून तिचेच पाणी झाले. हे पाणी पावसाचे नसून अंगाचे असते. याची परीक्षा घरच्या घरी करता येते. बाहीचा भाग नळाखाली धरावा. पाणी मोत्यांसारखे घरंगळले तर लेप जिवंत आहे, कापड काळसर होऊन भिजले तर तो क्षीण झाला आहे. त्यानंतर त्याच जागी कापडाचा खोलगट द्रोण करून त्यात पेलाभर पाणी ओतावे, दहा-पंधरा मिनिटे तसेच राहू द्यावे आणि खालच्या बाजूस कोरडा टीपकागद दाबून पाहावा. कागद कोरडा राहिला, तर तेथील पटल अखंड आहे आणि तुमची हजारोंची गुंतवणूक बुडालेली नाही.

क्षीण झालेला लेप बहुधा नुसत्या धुण्याने बऱ्याच अंशी सावरतो. हे ऐकून पुष्कळांना आश्चर्य वाटते, कारण ‘असे कपडे धुतले की खराब होतात’ ही समजूत आपल्याकडे घट्ट रुजली आहे. वस्तुस्थिती उलट आहे: घाम, त्वचेचे तेल, उन्हाचे मलम आणि चुलीचा धूर कापडाच्या तंतूंवर बसतात व लेप झाकून टाकतात. फ्लोरिनविरहित नव्या लेपांत तेल परतवण्याचे सामर्थ्य नसल्यामुळे त्यांना धुणे जुन्यांपेक्षाही अधिक वेळा लागते. मात्र धुण्याची रीत सांभाळली पाहिजे. नेहमीची कपड्यांची पावडर टाळावी, कारण तिचा मागे उरलेला अंश पाणी खेचून घेतो. कपडे मऊ करणारे द्रव तर अजिबात वापरू नये. सौम्य द्रव साबण घ्यावा, चेन लावून जॅकेट कोमट पाण्यात धुवावे आणि फेसाचा मागमूस राहणार नाही इतके खळबळून काढावे. पूर्ण वाळल्यावर आतल्या चिठ्ठीवर मनाई नसेल तर मध्ये सुती पंचा धरून मंद इस्त्री फिरवावी. उष्णतेने लेपाचे रेणू पुन्हा उभे राहतात आणि पाणी पूर्ववत घरंगळू लागते. एवढ्यानेही काम झाले नाही, तरच नवा लेप देणारे द्रव विकत घ्यावे. त्याची एक बाटली एकाहून अधिक जॅकेटांना पुरते, म्हणून मित्रांनी मिळून ती घ्यावी हे बरे.

येथे सह्याद्रीविषयी एक गोष्ट सांगितली पाहिजे, जी विक्रेता सहसा सांगत नाही. पटलातून वाफ बाहेर जाते ती आत-बाहेरच्या बाष्पदाबातील अंतरामुळे. युरोपातील थंड हवेत हे अंतर मोठे असते. आषाढात भीमाशंकरच्या वा ताम्हिणीच्या रानात हवा उबदार आणि बाष्पाने जवळजवळ भरलेली असते, तेव्हा हे अंतर अतिशय कमी होते आणि उत्तमोत्तम पटलही घामापुढे हतबल ठरते. ज्याचे भटकणे मुख्यतः पावसाळी सह्याद्रीपुरते आहे, त्याने पाच आकडी जॅकेटाच्या मागे न लागता काखेत हवेसाठी झडपा असलेला साधा रेनकोट किंवा सैल पोंचो घ्यावा आणि उरलेले पैसे चांगल्या बुटांवर खर्चावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

चेनीचा मामला याहूनही सोपा आहे, आणि तरीही चेन बिघडली म्हणून टाकून दिलेली जॅकेटे मी पुष्कळ पाहिली आहेत. रनर वर सरकतो, दात त्याच्यामागे जुळतात आणि लगेच पुन्हा उकलतात; अशा वेळी दोष दातांचा नसून रनरचा असतो. वर्षानुवर्षांच्या घर्षणाने त्याचा जबडा किंचित फाकलेला असतो. पक्कडीने त्याच्या मागच्या दोन्ही कडा हलकेच, आळीपाळीने आवळल्या तर तो आणखी काही महिने काम देतो. जोर अधिक झाला तर मात्र ठिसूळ धातूचा तुकडाच हातात येतो. कायमचा उपाय रनर बदलण्याचा. त्याच्या पाठीवर ३, ५, ८ किंवा १० असा आकडा कोरलेला असतो, जो जुळलेल्या दातांच्या रुंदीशी संबंधित आहे. त्या मापाचा रनर बॅगा दुरुस्त करणाऱ्या कोणत्याही कारागिराच्या डब्यात सापडतो. हा कारागीर बहुतेक बाजारपेठांत एखाद्या पायरीवर वा टपरीत बसलेला असतो. तो चेनीच्या वरच्या टोकाची धातूची बारीक अडणी कातरीच्या टोकाने उचकटतो, जुना रनर वरून काढतो, नवा त्याच बाजूने चढवतो, दोनदा खाली-वर फिरवून दात चाचपतो आणि अडणीच्या जागी दोऱ्याचे चार-पाच घट्ट टाके घालतो. शंभराच्या नोटेतून बहुधा सुटे परत मिळतात. बाहेरून गुळगुळीत दिसणाऱ्या जलरोधक चेनीत मात्र दातांची गुंडाळी उलटी, म्हणजे आतल्या बाजूस असते आणि तिचा रनर वेगळ्या घडणीचा लागतो. तो या डब्यात नसेल तर जुना नमुना घेऊन शिवणसाहित्याच्या घाऊक पेठेत जावे लागते.

फाटलेल्या जागेची गोष्ट निराळी आहे, कारण तेथे आपल्या परंपरेतील उत्तम कसबही जसेच्या तसे चालत नाही. रफूगार शालीचे छिद्र ज्या कौशल्याने बुजवतो त्यापुढे मस्तक नमवावे. उत्तर प्रदेशातील नजीबाबादच्या रफूगारांनी पिढ्यान् पिढ्या काश्मिरी शालींना दिलेले जीवदान हा या देशाच्या कलेतिहासाचा भाग आहे. परंतु जलरोधक कापडात सुईचा प्रत्येक टाका हे पाण्याला उघडलेले नवे दार असते. येथे ठिगळ शिवायचे नसते, चिकटवायचे असते. चिकट पाठीच्या नायलॉनचा तुकडा फाटीच्या चहूबाजूंनी निदान बोटभर पुढे जाईल असा कापावा, आणि त्याचे कोपरे कातरीने गोल करावेत, कारण टोकदार कोपरा पाठीवरच्या पिशवीच्या घर्षणाने उचलला जातो आणि त्यामागून सगळे ठिगळ निघते. जागा स्पिरिटने पुसून पूर्ण वाळू द्यावी, फाटीच्या कडा एकमेकींना अचूक भिडवाव्यात, ठिगळ मधून बाहेर असे दाबत न्यावे आणि रात्रभर त्यावर जड पुस्तक ठेवावे. पिसांच्या जॅकेटाला शेकोटीच्या ठिणगीने पडलेली छिद्रेही अशीच बुजतात. त्यातून डोकावणारे पीस ओढून काढण्याचा मोह मात्र आवरावा; ते दुसऱ्या बाजूने चिमटीत धरून आत खेचले तर छिद्र मोठे होत नाही आणि ऊबही जात नाही.

शिवणीवरची पट्टी थोडी सुटली असेल तर मध्ये कापड धरून मंद इस्त्रीने ती पुन्हा बसते. पूर्ण निघाली असेल तर तिचे अवशेष पुसून त्या रेषेवर शिवणी बुजवणारा चिकट द्रव ब्रशाने लावावा लागतो. याच्या पुढे मात्र दुरुस्तीचे सामर्थ्य संपते. स्वस्त रेनकोटांत पटल नसून पॉलियुरेथेनचा मुलामा असतो. दमट हवेत त्याचे हळूहळू जलविघटन होते, आतली बाजू चिकट लागते, आंबूस वास येतो आणि पापुद्रे सुटू लागतात. हा रोग बरा होत नाही, त्याला लांबवता मात्र येते. कोकणात आणि मुंबईत गौरी-गणपतीनंतर रेनकोट घडी करून पिशवीत कोंबण्याची जी पद्धत आहे, ती त्याच्या आयुष्याला सर्वाधिक घातक आहे. पूर्ण वाळवून, सैल टांगून, हवेशीर जागी ठेवलेला तोच कोट पुष्कळ अधिक पावसाळे पाहतो.

निगेची गरज ही वस्त्राची उणीव मानण्याची वृत्ती अगदी अलीकडची आहे. आपल्या मेंढपाळांची घोंगडी सणगर विणकर दख्खनी मेंढीच्या लोकरीतून विणतात आणि तिला चिंचोक्याची खळ देतात. पावसात ती डोक्यावर खोळ करून घेतली की लोकरीतील स्निग्धांश आणि घट्ट वीण पाणी बराच काळ थोपवून धरतात. इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यावरील साउथ शील्ड्स येथे १८९४ मध्ये जॉन बार्बर याने खलाशांसाठी व गोदीतल्या कामगारांसाठी ज्या मेणकापडी कोटांचा व्यापार सुरू केला, ते कोटही वेळोवेळी पुन्हा मेण देऊन वापरायचे असतात. ती कंपनी आजही जुने कोट परत घेऊन त्यांना मेण देते, अस्तर बदलते आणि मालकाकडे पाठवते. त्या देशात बापाचा कोट मुलाने घालणे कमीपणाचे मानले जात नाही.

पाश्चात्त्य देशांत खरी अडचण मजुरीची आहे: कारागिराच्या एका तासाचे मोल नव्या स्वस्त जॅकेटाच्या आसपास जाते, आणि मग सामान्य माणूस नवे घेतो. म्हणून तेथील सरकारांनी यात हात घातला. स्वीडनने २०१७ मध्ये कपडे, बूट व सायकली यांच्या दुरुस्तीवरील कर २५ टक्क्यांवरून १२ टक्क्यांवर आणला. फ्रान्सने नोव्हेंबर २०२३ पासून कपडे व बूट दुरुस्त करणाऱ्या नागरिकाला कामाच्या स्वरूपानुसार ६ ते २५ युरोंची सूट देण्याची तजवीज केली, आणि तिचा पैसा कपडे विकणाऱ्या कंपन्यांकडून जमणाऱ्या वर्गणीतून येतो. गिर्यारोहक इव्हॉन श्विनार्ड यांनी स्थापिलेल्या पॅटागोनिया कंपनीने २५ नोव्हेंबर २०११ रोजी, खरेदीच्या ऐन हंगामात, न्यूयॉर्क टाइम्समध्ये आपलेच जॅकेट विकत घेऊ नका अशी पूर्ण पानाची जाहिरात दिली आणि ते एक जॅकेट करायला १३५ लिटर पाणी लागते असे त्यात नमूद केले; नेवाडा राज्यातील रेनो येथे तिचा दुरुस्तीचा मोठा कारखाना चालतो.

आपली स्थिती याच्या बरोबर उलट आहे, आणि ती आपल्या फायद्याची आहे. येथे कारागीर गल्लोगल्ली आहे, त्याची मजुरी सर्वांना परवडते, आणि वार्षिक उलाढाल २० लाखांच्या आत असल्यास सेवा देणाऱ्याला वस्तू व सेवा कराच्या नोंदणीची सक्ती नसल्याने त्याच्या कामावर तो करही चढत नाही. त्याच्यापाशी नाही ते साहित्य आणि थोडी माहिती. उष्णतेने बसणारी शिवणपट्टी मीटरवर मिळत नाही, उलट्या चेनीचा रनर दुर्मिळ आहे, आणि जॅकेटात कोणते पटल आहे हे चिठ्ठीवर छापलेले नसल्याने इस्त्री किती तापवावी याचा त्याला अंदाज येत नाही. केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली, तेव्हा शेतीची अवजारे, मोबाइल व टॅब्लेट, टिकाऊ घरगुती वस्तू आणि वाहने ही चार क्षेत्रे निवडली गेली. वस्त्रांचा त्यांत समावेश नव्हता. तो व्हावयास हवा. पटलाचा प्रकार, रनरचा क्रमांक आणि इस्त्रीचे तापमान आतल्या चिठ्ठीवर छापणे, विक्रीच्या वेळी खिशात एक जादा रनर व मूळ कापडाचा वीतभर तुकडा घालणे आणि शिवणपट्टी कारागिरांना खुल्या बाजारात विकणे, एवढ्या अटी उत्पादकांवर घातल्या तरी जॅकेटाची किंमत फारशी वाढणार नाही. शासकीय औद्योगिक प्रशिक्षण संस्थांत शिवणकामाचे वर्ग चालतातच. तेथे पट्टी बसवण्याचे एक यंत्र ठेवून त्याचे शिक्षण दिले, तर घाटाखालच्या तालुक्याच्या गावातील शिंपीही हे काम अंगावर घेऊ शकेल.